दुसरे महाबळेश्वर कोणासाठी?

सप्टेंबरमध्ये सकाळी आठच्या सुमारास साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावर, म्हणजे घाटमाथ्यावरच्या सपाट कातळमाळावर, धुके असते आणि जांभ्याच्या काळपट कातळावर बोटभर पाणी साचलेले असते. त्या पाण्यात सीतेची आसवे उभी असतात. देठ सुतासारखा बारीक, फूल नखाएवढे, रंग निळा-जांभळा. अशाच एका सकाळी माझ्यासमोर एका पर्यटकाने छायाचित्रासाठी पायवाट सोडून चार पावले आत टाकली, तेव्हा गळ्यात स्थानिक गावकऱ्यांच्या समितीचे ओळखपत्र घातलेल्या एका बाईंनी शिट्टी वाजवली आणि "दादा, मागं या, तिथं नका जाऊ" असे शांतपणे सांगितले. तो लगेच मागे आला. वाद झाला नाही. त्याच्या बुटाच्या खुणेत मात्र पाणी भरले आणि पाणी निवळल्यावर तळाशी माती दिसेना, नुसता दगड दिसला. सड्यावर मातीचा थर कित्येक ठिकाणी दोन-तीन बोटांचाच असतो आणि तो साचायला काळ किती लागला याचा हिशेब माणसाच्या पिढ्यांमध्ये करता येत नाही. एका पावलाने तो खरवडून निघाला होता. या एवढ्याशा मातीच्या आधाराने कास परिसरात साडेआठशेहून अधिक प्रजातींच्या सपुष्प वनस्पती वाढतात, आणि २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला तेव्हा महाराष्ट्रातील ज्या चार स्थळांची त्यात नोंद झाली, त्यांपैकी कास हे एक आहे.

ते पाऊल मला वारंवार आठवते, कारण सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागात आज त्याहून फार मोठे पाऊल टाकण्याची तयारी चालू आहे. सातारा, जावळी आणि पाटण या तालुक्यांतील २३५ गावांचा, म्हणजे सुमारे साडेअकराशे चौरस किलोमीटरचा प्रदेश 'नवीन महाबळेश्वर' या नावाने गिरिस्थान म्हणून विकसित करायचे राज्य सरकारने ठरवले. द्रुतगती महामार्ग बांधणे हे ज्या संस्थेचे मुख्य काम, त्या महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाला तेथे विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले, २०२४ मध्ये विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि पुढे गावांची संख्या पाचशेच्या वर नेण्याचेही ठरले. मी याच जिल्ह्यात राहतो. पर्यटकांनी येथे यावे, यावेसे वाटावे, असे मला मनापासून वाटते. पण हा प्रदेश पाहायला लोक यावेत म्हणून येथे नवे शहर वसवण्याची गरज नाही, आणि किती लोकांनी, कोठे, कोणत्या हंगामात यावे हे ठरवण्याचा पहिला अधिकार डोंगरात राहणाऱ्या गावांच्या ग्रामसभांचा असला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे आणि ते मी शक्य तितक्या काळजीपूर्वक मांडणार आहे.

हा प्रदेश ज्यांनी फक्त महाबळेश्वरच्या पॉइंटांवरून पाहिला आहे त्यांना त्याचा आवाका कळत नाही. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना दक्षिणेकडे वाहत जाते आणि तापोळा, बामणोली या गावांपाशी शिवसागर जलाशयात पसरते. १०५ टीएमसी पाणी साठवणारा हा जलाशय दोन्ही बाजूंच्या डोंगरांमध्ये बोटांसारखा घुसलेला आहे. पलीकडच्या तीरावर वासोट्याचे, म्हणजे व्याघ्रगडाचे, घनदाट रान आहे आणि तेथून कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली घोषित झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प दक्षिणेकडे पसरत जातो. त्यात गवा आहे, सांबर आणि भेकर आहे, अस्वल आणि बिबट्या आहे, कोळसुंद्यांचे कळप आहेत आणि उंच झाडांच्या शेंड्यांवर शेकरूची घरटी आहेत. पाऊस लागला की ठोसेघरचा धबधबा दरीत कोसळतो, भांबवलीचा वजराई तीन टप्प्यांत उतरतो, नवजाजवळ ओझर्डे गर्जू लागतो आणि पाटणजवळच्या सडावाघापूरला वाऱ्याचा झोत इतका जबर असतो की कड्यावरून पडणारे पाणी तुषारांच्या रूपाने पुन्हा वर येते. कोणालाही हे पाहावेसे वाटणे स्वाभाविक आहे आणि ते पाहिल्यावर माणूस थोडा बदलतो, असा माझा अनुभव आहे.

या साऱ्याच्या मुळाशी सडा आहे, आणि आराखड्याचा विचार करताना नेमका सडाच कोणी समजून घेत नाही, अशी माझी तक्रार आहे. घाटमाथ्यावरचे हे सपाट माळ म्हणजे बसाल्टच्या डोंगरांवर बसवलेली जांभ्याची टोपी होय. जांभा सच्छिद्र असतो. चार महिने कोसळणारा पाऊस त्यातून खाली झिरपतो, खालच्या चिकण थराशी आणि कठीण बसाल्टशी अडतो आणि टोपीच्या कडेखाली झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतो. त्या झऱ्यांच्या ओळीतच डोंगरउतारावरच्या वाड्या वसलेल्या आहेत, हा योगायोग नव्हे. आमच्याकडच्या बायका पाणवठा दाखवताना वर सड्याकडे हात करून पाणी तिथून येते असे सांगतात, तेव्हा त्या भूजलशास्त्रच सांगत असतात. उरमोडी नदी कासच्या परिसरात उगम पावते, कास तलावाचे पाणी सातारा शहर पिढ्यानपिढ्या पीत आले आहे. सड्यावर इमारत उभी राहिली, तिचे सांडपाणी शोषखड्ड्यात सोडले, रस्त्यासाठी टोपीची कड जेसीबीने कापली, की खालच्या वाडीचा झरा एक तर आटतो किंवा नासतो, आणि त्या वाडीतील माणसाला झऱ्यावर नेमके काय झाले ते सिद्ध करण्याचे कोणतेही साधन नसते.

महसुली दप्तरात मात्र याच सड्यांची मोठी क्षेत्रे पोटखराबा म्हणून नोंदलेली आहेत. पोटखराबा म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन. ज्या काळात जमिनीचे मोल फक्त शेतसाऱ्याने ठरत असे त्या काळचा हा शब्द. सात-बाराच्या उताऱ्यावर तो तसाच राहिला आणि निरुपयोगी म्हटले की कोणत्याही उपयोगाला मोकळी, असा अर्थ त्याला आपोआप चिकटला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून चाळकेवाडी आणि वनकुसवडे येथील पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. वाऱ्यापासून वीज करण्याला माझा विरोध नाही, पण त्यांच्यासाठी सड्यांवर जे रस्ते खोदले गेले, कातळ फोडला गेला, त्याआधी तेथे काय उगवते आणि खाली कोणाचे पाणी आहे याची चौकशी करणे कोणाला आवश्यक वाटले नाही, कारण कागदावर ती जागा खराबाच होती. ज्या नकाशावर सडा हा पोटखराबा आहे, त्याच नकाशावर आता नवे गिरिस्थान आखले जात आहे. आराखड्याचा पहिला दोष मला येथे दिसतो.

पहिल्या महाबळेश्वरचा अनुभव आपल्यापुढे आहे. १८२९ साली इंग्रजांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याकडून ती जागा घेतली आणि गव्हर्नर माल्कम याच्या नावाने पेठ वसवली. तेव्हा ते काही साहेबांचे उन्हाळ्यातील आश्रयस्थान होते. दोनशे वर्षांत तेथे काय घडले ते सुटीच्या दिवशी पसरणीच्या घाटात तासन् तास अडकून पडलेला प्रत्येक माणूस जाणतो. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या त्या तालुक्यातील काही वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत पाण्यासाठी वणवण करावी लागते. हे आवरण्यासाठी १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणी हे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले. त्याने बांधकामांना काही आळा बसला हे मान्य केले पाहिजे. पण मागणी तशीच राहिली आणि ती हद्दीबाहेर सरकली, यवतेश्वर-कास रस्त्याकडे सरकली, तापोळ्याकडे सरकली, जलाशयाच्या काठाने सरकली. यवतेश्वर ते कास या रस्त्यावरील अनधिकृत बांधकामांचा प्रश्न साताऱ्यात वर्षानुवर्षे गाजतो आहे. रस्त्याच्या कडेला 'एनए प्लॉट विकणे आहे' असे फलक वाचत वाचत फुले पाहायला जावे लागते. कांदाटी खोऱ्यातील झाडाणी या गावात बाहेरच्या मंडळींनी शेकडो एकर जमीन विकत घेतल्याची तक्रार २०२४ मध्ये राज्यभर गाजली, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा त्या खोऱ्याचे नाव कळले. नवे गिरिस्थान येणार ही बातमी गावाच्या चावडीवर पोचण्याआधी जमीन घेणाऱ्यांपर्यंत पोचते.

आराखड्याच्या बाजूने जे म्हटले जाते त्यात दोन मुद्दे खरोखर वजनदार आहेत आणि ते झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पहिला मुद्दा रोजगाराचा. जावळी आणि पाटण तालुक्यांतील डोंगराळ गावांतील कर्ती माणसे पिढ्यानपिढ्या मुंबईला गेली. माथाडी कामगारांची चळवळ उभारणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातील मंद्रुळ कोळ्याचे, हेही काही आकस्मिक नाही. मुंबईच्या बाजारांत पाठीवर पोती वाहणाऱ्यांत याच खोऱ्यांतील माणसे मोठ्या संख्येने होती. आजही अनेक वाड्यांत निम्म्या घरांना कुलूप असते आणि ती गावच्या यात्रेला उघडतात. उरलेल्या म्हाताऱ्यांनी वरकस जमिनीत नाचणी-वरी लावायची आणि रात्री गवे आणि रानडुकरे येऊन ती फस्त करायची, नुकसानभरपाईसाठी मग तालुक्याला हेलपाटे घालायचे. अशा गावातील मुलाने, आमच्याकडे हॉटेल आले तर मला नोकरी मिळेल, असे म्हटले तर त्याला पुण्यात बसून जैवविविधतेवर व्याख्यान देण्याचा अधिकार कोणालाही नाही. मी तो घेत नाही.

पण गिरिस्थानातून त्या मुलाला नेमके काय मिळते ते पाहिले पाहिजे. जमीन विकताना एकदाच पैसे हातात येतात. ते घराच्या दुरुस्तीत, एका लग्नात, एका गाडीत संपतात. त्यानंतर त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या बंगल्याच्या फाटकावर तिचा पूर्वीचा मालक राखणदार म्हणून बसलेला मी पाहिला आहे आणि त्याच्याशी बोललोही आहे. त्याला पगार वेळेवर मिळत होता, त्याची काही तक्रार नव्हती. फक्त मळ्याच्या जागी असलेल्या हिरवळीला पाणी घालताना तो तिचा उल्लेख अजून वावर असाच करत होता. दुसरे घर म्हणून बांधलेले असे बंगले वर्षातील बहुतेक दिवस बंद असतात. त्यांना स्वयंपाकी लागत नाही, भाजी लागत नाही, वाटाड्या लागत नाही. गावातल्या एखाद्या घरात चार खोल्या नीट करून तेथे पाहुणे उतरवले, तर नाचणीची भाकरी थापणाऱ्या बाईपासून लॉन्च चालवणाऱ्या माणसापर्यंत पाच-सहा घरांना प्रत्येक मुक्कामामागे काहीतरी मिळते, जमीन मालकाच्याच नावावर राहते आणि मुंबईला गेलेला मुलगा परत येण्याचा विचार करू शकतो. बामणोली-तापोळ्याच्या परिसरात अशी घरे आज आहेत. त्यांना कर्ज, प्रशिक्षण, सांडपाण्याची सोय आणि परवान्याची सुलभ पद्धत हवी आहे. या गोष्टींना नवे नियोजन प्राधिकरण लागत नाही.

दुसरा मुद्दा असा की बांधकामे तशीही होतच आहेत, तेव्हा ती आराखड्यानुसार झालेली बरी. बेशिस्त वाढीपेक्षा शिस्तबद्ध वाढ चांगली हे तत्त्व मला पटते. परंतु डोंगरातील आखीव शहराचा प्रयोग शेजारच्या पुणे जिल्ह्यात, मुळशी तालुक्यात, लवासाच्या रूपाने होऊन गेला आहे. २०१० साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्याचे काम थांबवले, २०१८ साली तो प्रकल्प दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, आणि कापलेले डोंगर जेथल्या तेथे राहिले. आराखडा किती सुबक आहे यावर डोंगराची सहनशक्ती ठरत नसते.

सहनशक्तीचा विषय निघाला म्हणून २०२१ च्या जुलै महिन्याची आठवण काढणे भाग आहे. २२ जुलै रोजी महाबळेश्वरला चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला आणि पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर दरडी कोसळल्या. माणसे झोपेत गाडली गेली. रस्ते तुटल्यामुळे मदत पोचायला वेळ लागला. या छोट्या वाड्यांत बहुमजली हॉटेले नव्हती, कोणी डोंगर पोखरून बंगले बांधले नव्हते, तरीही डोंगर खाली आला. येथील उतार मुळातच किती नाजूक आहेत आणि पाऊस आता किती वेगळ्या रीतीने पडू लागला आहे, हे त्या रात्रीने दाखवले. शिवाय हा कोयनेचा भूकंपप्रवण प्रदेश आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त करणारा भूकंप ज्यांनी अनुभवला ती माणसे अजून हयात आहेत, आणि जमिनीचे लहानमोठे धक्के आजही तेथे नित्याचे आहेत. अशा जागी वस्तीची घनता मुद्दाम वाढवण्याचा निर्णय घेताना जो पुरावा लोकांसमोर ठेवायला हवा, तो मला मसुद्याभोवतीच्या चर्चेत कोठेही ठळकपणे दिसला नाही.

आणि कोयनेचे नाव घेतले की विस्थापितांचा प्रश्न टाळता येत नाही. धरणासाठी या खोऱ्यातील माणसे उठली आणि सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत गेली. त्यांच्या जमिनीवर साचलेल्या पाण्याने १,९६० मेगावॉट क्षमतेचा वीज प्रकल्प चालतो आणि महाराष्ट्राचे कारखाने उजळतात. सहा दशकांनंतरही त्यांच्यापैकी अनेकांना पर्यायी जमीन आणि नागरी सुविधांसाठी आंदोलने करावी लागली आहेत. जे मागे राहिले त्यांच्या वाट्याला अभयारण्य आले, मग व्याघ्र प्रकल्प आला, आणि रस्ता मागितला, विजेचे खांब मागितले, की प्रत्येक वेळी वनकायद्याची अडचण पुढे आली. आजारी माणसाला डालग्यात किंवा झोळीत घालून लॉन्चपर्यंत आणण्याचे प्रसंग या भागाला नवे नाहीत. ज्या डोंगरात आजारी माणसासाठी रस्ता होऊ शकत नव्हता त्याच डोंगरात पर्यटकासाठी तो होऊ शकतो, हे पाहून गावकऱ्यांच्या मनात काय येत असेल, याचा विचार आराखडा करणाऱ्यांनी एकदा तरी करावा. विकासाचा आणि संरक्षणाचा, दोन्हींचा निर्णय आजवर त्यांच्यावर बाहेरून लादला गेला आहे.

म्हणून मी ग्रामसभेवर भर देतो. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाने २०११ साली अहवाल दिला, त्यात पश्चिम घाटात नवीन गिरिस्थानांना परवानगी देऊ नये अशी स्पष्ट शिफारस होती. तिच्याइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट त्या अहवालात होती, आणि तिच्याकडे विरोधकांनीही व समर्थकांनीही सारखेच दुर्लक्ष केले: निर्णय खालून वर जावेत, ग्रामसभांनी चर्चा करून नियम ठरवावेत, असा त्याचा आग्रह होता. अहवाल महिनोन् महिने दडपून ठेवला गेला, गावांपर्यंत त्याचा अनुवाद नीट पोचला नाही, आणि तुमच्या घराला खिळा ठोकायलाही परवानगी लागेल अशी भीती मात्र वेळेवर पोचली. नंतर त्या अहवालाचा फेरविचार करणारी कस्तुरीरंगन समिती आली, २०१४ पासून संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे निघत राहिले आणि सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी, वायनाडमधील भूस्खलनाच्या दुसऱ्याच दिवशी निघाला. त्यात महाराष्ट्रातील सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र संवेदनशील म्हणून प्रस्तावित आहे. एकीकडे हा मसुदा, दुसरीकडे त्याच घाटमाथ्यावर गिरिस्थानाचा मसुदा, आणि दोन्हींवर गावकऱ्याचा अधिकार काय, तर ठरावीक मुदतीत हरकत नोंदवण्याचा. कोयनेच्या पलीकडच्या तीरावरच्या वाडीतील माणसाला, ज्याला तालुक्याला यायला दिवस मोडावा लागतो, त्याला नकाशे पाहायला कार्यालयात या असे सांगणे म्हणजे त्याचे मत नको असे सांगण्यासारखेच आहे.

गावांच्या हाती कारभार दिला तर काय होते याचे एक अपूर्ण पण खरे उदाहरण कासला आहे. तेथे फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा आहे, आगाऊ नोंदणी आहे, प्रवेशशुल्क आहे आणि आसपासच्या गावांतील लोकांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती त्याची अंमलबजावणी करते. सुरुवातीला सांगितलेल्या बाईंच्या हातात शिट्टी आहे ती या व्यवस्थेमुळे. चुकाही झाल्या. पठाराला तारेचे कुंपण घातले गेले, त्याने गुरांची चराई थांबली, वन्यप्राण्यांच्या वाटा अडल्या, आणि गवत माजून फुलांवरच परिणाम होतो आहे अशी ओरड झाली. कित्येक वर्षांच्या वादानंतर ते कुंपण काढले गेले. मला यात अपयशापेक्षा शिकण्याची क्षमता अधिक दिसते. गुरे आणि फुले यांचे नाते गुराख्यांना आधीपासून ठाऊक होते. त्यांना विचारले असते तर कुंपणाचा खर्चही वाचला असता. आजही शनिवार-रविवारी तेथे वाहनांच्या रांगा लागतात, मर्यादा ओलांडली जाते, आणि समितीच्या महिलांना पर्यटकांचे उद्धट बोलणे ऐकून घ्यावे लागते. तरीही संख्येला मर्यादा घालता येते, लोक ती बऱ्याच अंशी पाळतात आणि तिच्यातून गावाला उत्पन्न मिळते, एवढे कासने सिद्ध केले आहे. वासोट्यालाही वन खात्याची परवानगी घेऊन, लॉन्चने जाऊन, संध्याकाळच्या आत परतण्याच्या अटीवरच लोक जातात, पावसाळ्यात तो बंद असतो, आणि म्हणून त्याचे आकर्षण तसूभरही कमी झालेले नाही.

मर्यादा घातली की सामान्य माणसाचा हक्क जातो, असा आक्षेप मी पुष्कळदा ऐकतो. मला हे उलटे वाटते. कासच्या तीन हजारांत जागा मिळवण्यासाठी श्रीमंताला आणि कारकुनाला सारखीच नोंदणी करावी लागते. याउलट दरीच्या कडेवर खासगी बंगल्यांची रांग उभी राहिली की ती कडा, तो सूर्यास्त आणि तो वारा ज्याने प्लॉट घेतला त्याच्या मालकीचा होतो आणि बाकीच्यांसाठी रस्त्याकडेचे कुंपण उरते. सड्यावर खासगी गाड्या न नेता साताऱ्यातून एसटीच्या गाड्या दर अर्ध्या तासाने सोडल्या, तर चारचाकी नसलेल्या कुटुंबालाही तेथे जाता येईल. गाड्यांचे तळ पायथ्याशी ठेवावेत, वर फक्त एसटी आणि स्थानिकांची वाहने जावीत, या साध्या उपायाला जो खर्च येईल तो घाटरस्ता रुंद करण्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे. फक्त त्यात जमिनीचे भाव वाढत नाहीत.

ठोसेघर, वजराई, सडावाघापूर या ठिकाणी कासइतकी काटेकोर मर्यादा मला दिसलेली नाही. जुलैत गर्दी उसळते, एखादा तरुण कठड्यापलीकडे जाऊन पाय घसरून पडतो, मग प्रशासन बंदीचा आदेश काढते, बंदी आठवडाभर टिकते आणि पुन्हा सारे मोकाट सुरू होते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळ्याचा जुना पूल पर्यटकांच्या भाराने कोसळून चार जण गेले. दोन्ही वेळा त्यानंतर बंदीच आली. धबधब्याजवळ एका वेळी किती माणसे सुरक्षित उभी राहू शकतात हे तेथे रोज गुरे घेऊन जाणाऱ्याला कळते, वरच्या खोऱ्यात ढग कसे उतरले की ओढ्याला किती वेळात लोंढा येईल हेही त्यालाच कळते. त्याच्या हाती शिट्टी, गणवेश आणि नियमित मानधन दिले तर वर्षाला किती जीव वाचतील याचा विचार व्हावा. जैवविविधता कायदा २००२ साली झाला, वनहक्क कायदा २००६ साली झाला. गावाला आपल्या परिसराचे व्यवस्थापन करण्याचा आधार या दोन्ही कायद्यांत आहे. सातारा जिल्ह्यातील प्रत्येक धबधब्यासाठी आणि सड्यासाठी तो वापरता येईल. सड्यांवर आणि त्यांच्या कडेखालच्या झऱ्यांच्या पट्ट्यात बिगरशेती परवाना कोणालाच न देणे, आणि पर्यटकांसाठी खोल्या चालवण्याचा परवाना त्याच गावात राहणाऱ्यांनाच देणे, एवढे दोन नियम जरी ग्रामसभांच्या संमतीने झाले, तरी वेगळे गिरिस्थान वसवण्याचे प्रयोजनच उरणार नाही.

येणाऱ्यांकडूनही माझी एक अपेक्षा आहे. एका दिवसात सकाळी कास, दुपारी ठोसेघर, संध्याकाळी महाबळेश्वर अशी धावपळ करू नये. त्यात माणूस डोंगराऐवजी मुख्यतः रस्ताच पाहतो. एका खोऱ्यात दोन रात्री राहावे. पहाटे देवराईच्या कडेला बसून मलबार शीळकरी पक्ष्याची शीळ ऐकावी, ती ऐकू आली की पुढचा तासभर उठवत नाही. दुपारी ज्या घरी उतरलो तेथील म्हाताऱ्या माणसाला त्यांचा झरा कोणत्या महिन्यापर्यंत टिकतो ते विचारावे. या एका प्रश्नातून त्या गावाविषयी जे कळते ते कोणत्याही पॉइंटावरच्या फलकावर लिहिलेले नसते.

विकास आराखड्याच्या हरकतींवरील सुनावण्या साताऱ्याच्या किंवा मुंबईच्या कार्यालयात न होता बामणोलीत, तापोळ्यात, ठोसेघरात, कोयनानगरात व्हाव्यात, नकाशे मराठीत आणि गट क्रमांकासह चावडीवर लावले जावेत, आणि ज्या ग्रामसभा ठराव करून नकार देतील त्यांची गावे आराखड्यातून वगळली जावीत, ही मागणी मी येथे नोंदवतो. सुनावणीची तारीख भातकापणीच्या दिवसांत ठेवू नये. कासला शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या त्या बाई फुलांचा हंगाम सरला की ओळखपत्र घरी ठेवतात आणि खाचरात उतरतात. त्यांना त्या दिवशी हजर राहता आले पाहिजे.